बट्टा आणि हुंडणावळ : परमुलखातील रोकडीचे मोल

पैसा एका मुलखातून दुसऱ्या मुलखात न्यावयाचा तर त्यासाठी काही तरी द्यावे लागते, हे सत्य मराठी भाषेने फार पूर्वीच ओळखले होते. ओळखले एवढेच नव्हे, तर त्या देण्याचे दोन प्रकार करून त्यांस दोन निरनिराळी नावेही दिली होती. एका गावी पैसे भरून दुसऱ्या गावी ते मिळावेत म्हणून सावकारास जे द्यावयाचे ती हुंडणावळ. आणि एका टांकसाळीचे नाणे देऊन दुसरीचे घेताना जी तूट सोसावयाची तो बट्टा. हुंडणावळ ही सेवेची किंमत होती. ती सांगून घेतली जाई आणि वहीत तिची वेगळी कलमवारी पडे. बट्टा हा भावातच मिसळलेला असे. ज्यास नाण्याची पारख आहे त्यालाच तो दिसे. नावाला बट्टा लागणे हा वाक्प्रचार आपण आजही वापरतो. परंतु लिस्बनच्या किंवा बँकॉकच्या रस्त्यावर एटीएमपुढे उभे राहून कार्ड आत सारताना आपण हुंडणावळ किती देत आहो आणि बट्टा किती, याचा विचार शंभरांत पाच जणही करीत नसतील. या दोन शब्दांचा इतिहास म्हणूनच पुन्हा चाळून पाहण्याजोगा आहे.

प्रथम बट्ट्याचा विचार करू. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत दक्षिणेत आणि माळव्यात एकच एक रुपया असा नव्हताच. पुण्याचा अंकुशी, चांदवडचा चांदवडी, बडोद्याचा बाबाशाही, शिवाय ग्वाल्हेर आणि इंदूर येथील टांकसाळींचे रुपये, असे अनेक रुपये बाजारात एकाच वेळी फिरत. प्रत्येकाचे वजन निराळे, चांदीचा कस निराळा, आणि नाणे किती झिजले यावर त्याचा भाव निराळा. अशा बाजारात सराफावाचून पाऊल टाकता येत नसे. इंग्रज कंपनीने १८३५ साली कायदा करून १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया आपल्या सर्व मुलखासाठी ठरविला. यंत्रावर पाडलेला म्हणून लोक त्यास कलदार म्हणू लागले. तथापि संस्थानांची नाणी त्याने एका दिवसात नाहीशी झाली नाहीत. हैदराबादचा हाली शिक्का तर थेट आपल्या काळापर्यंत टिकला. शंभर कलदार घ्यावयाचे तर ठोकळमानाने ११६ रुपये १० आणे ८ पै हाली मोजावे लागत. म्हणजे सहा कलदारांस सात हाली. हैदराबादहून सोलापुरास किंवा पुण्यास येणाऱ्या माणसाच्या हिशेबात हा फरक कायमचा बसलेला असे. हाली शिक्का पूर्णपणे व्यवहारातून गेला तो १९५९ साली.

गोमंतकाची कथा याहून वेगळी नाही. तेथे अशरफी, तांगा, बुजरूक अशा नाण्यांचा व्यवहार शतकानुशतके चालला. पोर्तुगीज आणि इंग्रज सरकारांत १८७८ साली करार झाला आणि त्यानंतर १८८१-८२ मध्ये गोव्यासाठी रुपिया पाडण्यात आला तो कलकत्त्याच्या टांकसाळीत, इंग्रजी रुपयाशी वजनाने आणि कसाने जुळेल असा. पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस रुपिया जाऊन एस्कुदो आला. एका रुपियास सहा एस्कुदो असा दर होता. मुंबईचे अथवा बेळगावचे महाजन आणि कुळावी मंगेशीस किंवा कवळ्याच्या शांतादुर्गेस दर्शनासाठी जात, तेव्हा १९६१ च्या डिसेंबरपर्यंत ते कायद्याने परदेशातच जात होते, ही गोष्ट आजच्या पिढीस ध्यानी राहत नाही. परदेश हा नेहमीच सागरापलीकडे असतो असे नाही. कधी कधी तो घाट उतरताच लागतो. जेथे नाणे बदलते तेथे व्यवहाराच्या दृष्टीने परमुलूख सुरू झाला असे समजावे.

आता हुंडणावळीकडे वळू. वाटेवर पेंढारी, ठग आणि दरोडेखोर असताना रोकड अंगावर बाळगून प्रवास करणे म्हणजे संकट विकत घेणे होते. विष्णुभट गोडसे वरसईकर १८५७ साली द्रव्यार्जनासाठी उत्तर हिंदुस्थानात गेले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. मिळविलेले द्रव्य लुटीत गमावून ते अखेर घरी परतले, ही हकीकत त्यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथामुळे महाराष्ट्रास सुपरिचित आहे. या संकटावर आपल्या सावकारीने शोधलेला उपाय म्हणजे हुंडी. एका पेढीवर रक्कम भरावी, कागद घ्यावा, आणि दूरच्या पेढीवर तो वटवून तितके पैसे उचलावेत. कागद दाखविताच पैसे मिळावयाचे ती दर्शनी हुंडी. ठरल्या मुदतीने मिळावयाचे ती मुदती. शहाजोग हुंडीचे पैसे बाजारातील प्रतिष्ठित माणसाच्या हातीच पडावेत अशी व्यवस्था असे. त्यामुळे कागद चोरीस गेला तरी चोराला तो पचविणे कठीण जाई. मूळ हुंडी हरवली तर पेठ मिळे, आणि पेठही हरवली तर परपेठ. ही पद्धत इतकी दृढमूल होती की १८८१ साली सरकारने निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्‌स ॲक्ट केला, तेव्हा देशी भाषेत लिहिलेल्या दस्तांविषयी जी स्थानिक वहिवाट असेल तिला या कायद्याने बाध येत नाही, असे पहिल्याच कलमात नमूद करणे त्यास भाग पडले. वकिलाच्या दृष्टीने ही सामान्य गोष्ट नव्हे. कायद्याने वहिवाटीस दिलेले ते मानाचे पान होते.

या सेवेची किंमत किती होती? सतराव्या शतकातील फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये याने १६७६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तांतात निरनिराळ्या शहरांहून सुरतेवर लिहिलेल्या हुंड्यांचे भाव दिले आहेत. अहमदाबादेहून शेकडा एक ते दीड, आग्ऱ्याहून सव्वाचार ते पाच, तर दूरच्या ढाक्याहून दहापर्यंत. भाव चढे आहेत हे त्यालाही जाणवले. परंतु त्याचे कारणही त्याने तेथेच सांगितले आहे. वाटेत माल लुटला गेला तर पैसे देणाराचे पैसे बुडत. म्हणजे व्यापारी जी हुंडणावळ देई तीत नुसता कागदाचा खर्च नव्हता. पैशाचे व्याज होते आणि दुसऱ्याने आपल्या डोक्यावर घेतलेली जोखीमही होती. अंतर वाढले की भाव वाढे, कारण जोखीम वाढे. घेणारा काही तरी सोसत होता आणि त्याचा मोबदला उघडपणे मागत होता. हुंडणावळीचा हा न्याय ध्यानात ठेवावा, कारण पुढील सर्व विवेचनाची कसोटी तीच आहे.

युरोपातही हुंडीसारखाच व्यवहार मध्ययुगापासून रूढ होता. तेथे मात्र एक निराळेच वळण लागले. ख्रिस्ती धर्मपीठाने व्याज निषिद्ध ठरविले होते. व्याज उघड घेता येत नाही म्हटल्यावर सावकारांनी ते नाण्यांच्या अदलाबदलीच्या दरात लपविले. फ्लोरेन्सला एका नाण्यात पैसे द्यावयाचे, दुसऱ्या शहरावर दुसऱ्या नाण्यात हुंडी लिहावयाची, आणि परत येताना दर असा लावावयाचा की व्याज आपोआप वसूल व्हावे. पुढे पुढे तर पैसा प्रत्यक्ष कोठे जातच नसे. केवळ कागद फिरे. अशा पोकळ हुंडीव्यवहाराचा पोप पाचवा पायस याने १५७१ साली जाहीर निषेध केला. जी किंमत उघड मागता येत नाही किंवा मागण्याची लाज वाटते ती दरात दडविता येते, ही विद्या मनुष्याला निदान पाचशे वर्षांपासून अवगत आहे.

हौसेने प्रवास करणाऱ्यांचा वर्ग अठराव्या शतकात वाढला, आणि त्याच्या सोयीची हुंडी १७७० च्या दशकाच्या आरंभी लंडनच्या रॉबर्ट हेरीज या सावकाराने काढली. ती युरोपातील अनेक शहरांत वटत असे. पर्यटनाचा व्यवसाय उभारणाऱ्या टॉमस कुकच्या पेढीने १८७४ साली तशाच चिठ्ठ्या काढल्या. १८९१ मध्ये अमेरिकन एक्सप्रेसने ट्रॅव्हलर्स चेक सुरू केला. घेताना एक सही, वटविताना समोरासमोर दुसरी. दोन्ही जुळल्या की पैसे मिळावयाचे, आणि चेक हरवला तर भरपाई. आपल्या शहाजोग हुंडीची सावधगिरी आणि पेठेची सोय येथे एकाच कागदात आली होती. या धंद्यातील खरा नफा वरकरणी दिसणाऱ्या शुल्कात नव्हता. प्रवाशाने पैसे आज भरले आणि चेक दोन महिन्यांनी वटविला, तर मधल्या काळात ती रक्कम पेढीपाशी बिनव्याजी पडून राही. लक्षावधी प्रवाशांची अशी रक्कम एकत्र केली म्हणजे तिचे व्याज किती होत असेल याची कल्पना करावी. तरीही पेढी भरपाईचे वचन देत होती, जोखीम उचलत होती. त्यामुळे तो सौदा प्रवाशास महाग वाटला नाही.

भारतीय प्रवाशाची अडचण मात्र बराच काळ दराची नव्हतीच; परकीय चलन मिळण्याचीच होती. १९३९ साली महायुद्धाबरोबर विनिमयावर निर्बंध आले, ते १९४७ च्या कायद्याने पुढे चालू राहिले आणि १९७३ च्या कायद्याने अधिकच कडक झाले. १९६० च्या दशकात विलायतेस निघालेल्या कित्येकांनी खिशात अवघे तीन पौंड घेऊन बोट गाठली. नियमभंग हा फौजदारी गुन्हा होता. तेव्हा बट्ट्याची चर्चा करण्याची चैन कोणाला होती? १९९९ चा नवा कायदा १ जून २००० पासून अमलात आला आणि परकीय चलनाकडे पाहण्याची दृष्टी बदलली. फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने प्रत्येक रहिवाशास वर्षाकाठी २५ हजार डॉलर बाहेर पाठविण्याची मुभा दिली. २०१५ पासून ती मर्यादा अडीच लाख डॉलरांची आहे. दार उघडले, पण आत शिरताना उंबरठ्यावर काय द्यावे लागते हे पाहण्याची सवय आपल्याला लागलेली नव्हती.

दरम्यान ज्या यंत्राने हे सर्व सोपे केले ते जन्मास आले होते. २७ जून १९६७ रोजी लंडनच्या एन्फील्ड भागात बार्कलेज बँकेच्या भिंतीत पहिले रोकड देणारे यंत्र बसले. त्याचा कल्पक जॉन शेफर्ड-बॅरन याचा जन्म १९२५ साली आपल्या शिलाँगचा, ही मौजेची गोष्ट. ते यंत्र कार्डावर नव्हे तर खास कागदी चिठ्ठीवर चाले आणि एका वेळी दहा पौंडच देई. १९८० च्या दशकात सिरस आणि प्लस या जाळ्यांनी निरनिराळ्या बँकांची यंत्रे एकमेकांस जोडली. मुंबईतही १९८७ साली एटीएम आले. हळूहळू अशी स्थिती आली की माणसाने आपल्या गावच्या बँकेचे कार्ड पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाच्या भिंतीत घालावे आणि तेथील नोटा हाती घ्याव्यात. दर्शनी हुंडीचे स्वप्न याहून अधिक पूर्णतेने कोणी साकार केले असेल असे वाटत नाही. आणि मुख्य म्हणजे दरोडेखोराची, बुडीत पेढीची, हरवलेल्या कागदाची जोखीम जवळजवळ नाहीशी झाली.

मग हुंडणावळही नाहीशी व्हावयास हवी होती. तसे झाले नाही. प्रारंभी सिरस आणि प्लस यांच्या नियमांनी यंत्राच्या मालकास परक्या कार्डधारकाकडून वेगळे शुल्क घेण्यास अमेरिकेत सर्वसाधारण मनाई होती. १ एप्रिल १९९६ रोजी ती उठली आणि तेव्हापासून यंत्रमालकाचे शुल्क सर्वत्र पसरत गेले. थायलंडमध्ये २००९ पासून परदेशी कार्डावर प्रत्येक वेळी १५० बाट आकारू लागले. पुढे तो आकडा बहुतेक बँकांत २२० वर गेला. आज परदेशात एकदा रोकड काढली की तीन हात पुढे येतात. पहिला यंत्रमालकाचा, त्याचे शुल्क बहुधा पडद्यावर दिसते. दुसरा आपल्या स्वतःच्या बँकेचा. ती दर वेळी ठरावीक रक्कम घेते. भारतीय बँकांत ती सामान्यतः शंभर-दीडशे रुपयांच्या घरात असते आणि तिच्यावर करही असतो. तिसरा हात दराचा. कार्डाच्या जाळ्याने ठरविलेल्या दरावर आपली बँक आणखी काही टक्के चढविते, कित्येकदा साडेतीनपर्यंत. पहिले दोन म्हणजे हुंडणावळ. तिसरा म्हणजे बट्टा.

हिशेब मांडून पाहू. वीस हजार बाट हवे आहेत. ते दोन-दोन हजार करून दहा वेळा काढले तर यंत्रमालकास २,२०० बाट गेले, म्हणजे शेकडा अकरा. एकदम काढले तर २२० बाट, म्हणजे शेकडा १.१. आपल्या बँकेची ठरावीक रक्कमही पहिल्या रीतीत दहा वेळा, दुसरीत एकदाच. बट्टा मात्र दोन्ही रीतींत सारखाच, कारण तो खेपेवर नव्हे, रकमेवर बसतो. ठरावीक शुल्क हे लहान रकमेचे वैरी होय. थोडे थोडे काढण्यात सावधपणा आहे असे मानणारा मनुष्य नेमका येथेच फसतो.

परंतु सर्वांत मोठा खड्डा याच्याही पुढे आहे. रक्कम टंकताच यंत्र नम्रपणे विचारते : हा व्यवहार आपल्या देशाच्या चलनात, रुपयांत, करावा काय? रुपयांचा नेमका आकडाही ते दाखविते. परक्या लिपीच्या गावात आपला रुपया दिसला की प्रवाशाला माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटते, आणि तो होकाराचे बटन दाबतो. या प्रकारास डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन असे भारदस्त नाव आहे. होकार देताच दर ठरविण्याचा अधिकार कार्डाच्या जाळ्याकडून यंत्रमालकाकडे आणि त्याच्या भागीदाराकडे जातो. तो दर चार-सहा टक्क्यांनी, काही ठिकाणी दहा टक्क्यांहूनही अधिक, वाईट असू शकतो. समजा तफावत आठ टक्क्यांची आहे. तर वीस हजार बाटांवर १,६०० बाटांइतका बट्टा गेला. पडद्यावर ठळक छापलेले शुल्क २२० आणि दरात मुरलेला बट्टा १,६००! आवळा देऊन कोहळा काढणे ते हेच. शिवाय व्यवहार रुपयांत झाला तरी तो परदेशात झाला या कारणाने काही बँका आपलेही शुल्क त्यावर लावतात, ते वेगळेच.

कायद्याच्या भाषेत ही फसवणूक म्हणता येत नाही, कारण संमती विचारलेली असते आणि दिलेलीही असते. करारातील संमती मुक्त हवी असे आपला १८७२ चा कायदा सांगतो. पण मुक्त संमतीसाठी माहिती लागते, आणि रांगेत मागे चार माणसे उभी असताना, अनोळखी दराची तुलना कशाशी करावी हे ठाऊक नसताना, दिलेली संमती कितपत मुक्त म्हणावी हा प्रश्न उरतोच. नकार दिला तर पैसेच मिळणार नाहीत, अशीही पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः नकार हा फक्त रूपांतरास असतो. व्यवहार स्थानिक चलनात पुरा होतो.

या प्रश्नास युरोपाने दिलेले उत्तर अभ्यसनीय आहे. युरोपीय संघाने २००१ च्या नियमाने असे ठरविले की युरोमध्ये दुसऱ्या सदस्य देशात रोकड काढली तर बँकेने स्वदेशातल्याइतकेच शुल्क घ्यावे. १ जुलै २००२ पासून ते अमलात आले. हा हुंडणावळीवरचा उपाय झाला. बट्ट्यावरचा उपाय यावयास आणखी अठरा वर्षे लागली. २०१९ च्या नियमानुसार एप्रिल २०२० पासून रूपांतराचे एकंदर शुल्क युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या संदर्भदराहून शेकडा किती अधिक आहे, ते व्यवहारापूर्वी दाखविणे संघात बंधनकारक झाले. पोर्तुगालने तर २०१० साली कायदा करून एटीएमवरील व्यवहारांसाठी शुल्क घेण्यासच बँकांना मनाई केली. गोव्याहून लिस्बनला जाणाऱ्या माणसाने हे जाणून असावे. मात्र शुल्काची मनाई म्हणजे दराची मनाई नव्हे, हेही विसरू नये. रुपयांविषयीचा तो नम्र प्रश्न तेथील यंत्रही विचारू शकते.

या इतिहासातून व्यवहाराचे जे धडे निघतात ते थोडे आणि सोपे आहेत. आपल्या बँकेचे ठरावीक शुल्क आणि दरावरील टक्के ही दोन्ही घर सोडण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावीत. यंत्र शक्यतो तेथील प्रस्थापित बँकेचे पाहावे, कोपऱ्यावरच्या दुकानातले नव्हे. लागणारी रोकड थोड्या खेपांत, पण जपता येईल इतकीच काढावी. रुपयांत रूपांतर करू का, या प्रश्नास सदैव नकार द्यावा. क्रेडिट कार्डावर रोकड उचलणे शक्य तो टाळावे, कारण तेथे वेगळे शुल्क तर पडतेच, शिवाय व्याज त्याच दिवसापासून चढू लागते. आधी परकीय चलन भरून ठेवलेले कार्ड नेले तरी बट्टा चुकत नाही. तो कार्डात पैसे भरतानाच दिलेला असतो, एवढेच.

तथापि खरा प्रश्न दोन-चारशे रुपयांचा नाही. सेवेची किंमत देण्यास कोणाचीच ना नसावी. आग्र्याहून सुरतेपर्यंतची जोखीम डोक्यावर घेणाऱ्या सावकारास शेकडा पाच देणे अन्याय नव्हता, कारण तो पाचांच्या बदल्यात काही सोसत होता. आज यंत्रमालकास नोटा भरण्याचा, यंत्र राखण्याचा खर्च येतो. त्याचे शुल्कही समजण्याजोगे आहे. परंतु जोखीम नाही, श्रम नाहीत, केवळ प्रवाशाच्या अज्ञानावर आणि घाईवर जो दर लावला जातो त्याला हुंडणावळ म्हणणे जुन्या सावकारीचा अपमान होईल. आपल्या पूर्वजांनी दोन गोष्टींस दोन नावे दिली ती उगाच नव्हेत. एक किंमत होती, दुसरी तूट होती. आणि दोन्ही एकाच आकड्यात मिसळून मागणाऱ्याकडे ते संशयाने पाहत. यंत्राच्या पडद्यावर हे शब्द कोणी छापणार नाही. म्हणून निदान आपल्या जिभेवर तरी ते जिवंत असू द्यावेत; कारण ज्या तुटीला नाव आहे ती निदान मोजता तरी येते.